समरी कोर्ट मार्शलमध्ये न्याय मिळतो का? आणि झालेली बडतर्फी रद्द होते का?

तुमचा प्रश्न असा आहे. धाकटा भाऊ पायदळात नाईक होता, तेरा वर्षे नोकरी झाली होती. वरिष्ठाशी उद्धट बोलणे आणि हुकूम न पाळणे असे दोन आरोप लावून त्याचे समरी कोर्ट मार्शल झाले. अर्ध्या तासात कामकाज आटोपले, ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ अशी नोंद झाली, बडतर्फीचा हुकूम निघाला आणि तो घरी आला. खटला चालवणारे सीओसाहेब (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) तेच, ज्यांच्याविरुद्ध त्याने दोन महिने आधी वर तक्रार पाठवली होती. तो म्हणतो, मी काहीच कबूल केले नव्हते. तुम्ही विचारता, मिलिटरी कोर्टात न्याय मिळतो तरी का, आणि आता काही करता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आहे, ते शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहा. मी आधी सेनेच्या जॅग शाखेत, म्हणजे कायदा शाखेत होतो, नंतर वकील म्हणून जवानांची आणि अधिकाऱ्यांची प्रकरणे लढवली. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की कोर्ट मार्शलच्या खोलीत, साक्षीपुरावा चालू असताना, अन्याय तुलनेने कमी होतो. तो होतो खोलीच्या बाहेर. खटला भरायचा की नाही, कोणत्या प्रकारच्या कोर्टापुढे भरायचा, त्यावर कोणी बसायचे आणि निकाल कायम कोणी करायचा, हे सगळे आरोपीच्या वरच्या कमांडच्या साखळीत ठरते. समरी कोर्ट मार्शलमध्ये तर ही सगळी साखळी एकाच माणसाच्या हातात येऊन थांबते.

आधी घटनेचे बघू, कारण ‘वर्दी घातली की मूलभूत हक्क संपले’ हे वाक्य बराकीत सर्रास ऐकू येते. घटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे आणि १९५० चा आर्मी ॲक्ट हा त्या अधिकाराखाली येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राम सरूप प्रकरणात १९६३ मध्येच सांगितले. अनुच्छेद १३६ (सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष परवानगीने अपील) आणि २२७ (उच्च न्यायालयाची देखरेख) मध्येही लष्करी न्यायालयांना मुद्दाम बाजूला ठेवले आहे. पण अनुच्छेद ३२ आणि २२६ मधून त्यांना वगळलेले नाही. म्हणजे रिटचा, थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात दाद मागण्याचा, दरवाजा घटनाकारांनी उघडाच ठेवला. हक्कांवर मर्यादा येते ती कायद्यात लिहिली असेल तेवढीच. सीओच्या मर्जीवर ती ठरत नाही.

आता कोर्टांचे प्रकार. आर्मी ॲक्टच्या कलम १०८ मध्ये चार आहेत: जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. लोक ‘कोर्ट मार्शल’ असा एकच शब्द वापरतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण जनरल कोर्ट मार्शल आणि समरी कोर्ट मार्शल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. प्रत्येकाची कमिशनची किमान तीन वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि त्यातले किमान चार कॅप्टन किंवा त्यावरचे हवेत. सोबत कायद्याचा जाणकार जज ॲडव्होकेट असतोच. आरोपीला वकील लावता येतो, बचाव अधिकारी मिळतो. कोर्टातल्या कोणत्याही सदस्यावर आक्षेप घेण्याचा हक्क कलम १३० ने दिला आहे. आरोप कळवल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान ९६ तास द्यावे लागतात, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (लढाईच्या किंवा तशा घोषित केलेल्या ड्युटीवर) असेल तर २४. पुरावा कायदा जसा नागरी न्यायालयात लागू होतो तसाच इथेही लागू होतो. आर्मी रूल ३९ तर वाचण्यासारखा आहे. ज्याने कोर्ट बोलावले तो अधिकारी, सरकारी बाजू मांडणारा, साक्षीदार, चौकशी केलेला, समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधीचे साक्षीदारांचे जबाब) लिहून घेतलेला, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (खात्यांतर्गत चौकशी मंडळात) बसलेला आणि आरोपीचा स्वतःचा कमांडिंग ऑफिसर, यांपैकी कोणालाही जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलवर बसता येत नाही. मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचे, म्हणजे ब्रिगेडियरसाहेबांचा कल पाहून कॅप्टनने मान डोलवायला नको. कोणी काय मत दिले हे बाहेर न सांगण्याची शपथही असते. बहुमत लागते, मते समसमान पडली तर आरोपीच्या बाजूने निकाल. फाशीसाठी दोन तृतीयांश.

माझा अनुभव असा की जनरल कोर्ट मार्शलमध्ये रोजच्या रोज सुनावणी चालते, साक्षीदार आला नाही म्हणून तीन-तीन महिने तारीख पडत नाही आणि सदस्य खरोखर ऐकतात. ढीगभर प्रकरणांचा बोर्ड घेऊन बसलेल्या दंडाधिकाऱ्यापेक्षा हे कोर्ट आरोपीला जास्त वेळ देते. ज्यांनी ते आतून कधी पाहिलेले नाही ते त्याला ‘ठरवून केलेले नाटक’ म्हणतात, ते मला मान्य नाही.

तरीही दोष आहे, आणि तो रचनेतच आहे. कोर्ट बोलावणारा वरिष्ठ अधिकारीच सदस्य नेमतो, सरकारी बाजू मांडणाराही त्याच्याच हुकमाने येतो, आणि कलम १५३ प्रमाणे जनरल कोर्ट मार्शलचा निकाल किंवा शिक्षा वरून कायम झाल्याशिवाय वैधच होत नाही. निर्दोष सुटका झाली तरी तीसुद्धा कायम व्हावी लागते! कायम करणाऱ्या अधिकाऱ्याला निकाल पटला नाही तर तो कलम १६० खाली एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. पाच अधिकारी एका माणसाला निर्दोष सोडतात आणि मग त्यांना त्यांच्याच वरिष्ठाचे पत्र येते की पुन्हा एकदा विचार करा. पत्रात ‘अमुक निकाल द्या’ असे कुठेही लिहिलेले नसते. लिहायची गरजही नसते, कारण त्या पाचांचे गोपनीय अहवाल त्याच साखळीत लिहिले जातात.

कायम करण्याच्या या अधिकाराने काय काय होऊ शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आरोपींच्या बाजूचे आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबख्शसिंग ढिल्लों यांचे कोर्ट मार्शल झाले, बचावाला भुलाभाई देसाई उभे राहिले. कोर्टाने तिघांना जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली. सरसेनापती ऑचिनलेक यांनी देशभर उसळलेला क्षोभ पाहिला आणि जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेप माफ करून फक्त नोकरीतून काढणे आणि थकीत पगार जप्त करणे तेवढे कायम ठेवले. निकाल आपल्याला आवडला म्हणून त्यामागचे तत्त्व नजरेआड करू नये. शिक्षा कोर्टाने दिली, पण तिचा शेवट ठरवला सेनापतीने, आणि ठरवताना त्याने पुराव्याखेरीज बऱ्याच गोष्टी विचारात घेतल्या.

नेमक्या याच मुद्द्यावर ब्रिटनची पद्धत युरोपियन मानवी हक्क न्यायालयात टिकली नाही. फॉकलंडच्या लढाईत असलेला फिंडले नावाचा एक सार्जंट. त्याच्या खटल्यात कोर्ट बोलावणारा, सदस्य नेमणारा आणि निकाल कायम करणारा अधिकारी एकच होता, म्हणून ते कोर्ट स्वतंत्र मानता येत नाही, असे न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. निकालाची चाहूल लागताच ब्रिटनने आधीच कायदा बदलायला घेतला होता. आज तिथे खटला भरण्याचा निर्णय स्वतंत्र अभियोग संचालक घेतो आणि कोर्टात नागरी जज ॲडव्होकेट बसतो. कॅनडात १९९२ च्या जेनेरू निकालाने असेच वळण दिले. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला. जर्मनीत तर शांतताकाळात लष्करी फौजदारी न्यायालयेच नाहीत. यातल्या कोणत्याही देशाच्या सैन्यातली शिस्त यामुळे मोडल्याचे ऐकिवात नाही. आपण मात्र ज्यांच्याकडून हे सगळे उचलले त्यांनी टाकून दिलेली व्यवस्था अजून वापरतो आहोत.

आता तुमच्या भावाच्या प्रकाराकडे येतो.

समरी कोर्ट मार्शल ही १८५७ नंतरच्या काळातली निर्मिती आहे, देशी पलटणींवरच्या कमांडिंग ऑफिसरचा हात बळकट करण्यासाठी केलेली. स्वतंत्र भारताच्या १९५० च्या कायद्यात ती कलम ११६ म्हणून तशीच आली. वायुदलाच्या आणि नौदलाच्या कायद्यांत या नावाचे कोर्ट नाही. (नौदलात जहाजाच्या कप्तानाला समरी ट्रायलचे अधिकार आहेत, ती गोष्ट वेगळी.) या कोर्टात कमांडिंग ऑफिसर एकटा म्हणजेच कोर्ट. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) शेजारी बसलेले असतात, पण त्यांना शपथ दिलेली नसते आणि मतही नसते. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, त्याखालचा असेल तर तीन महिने. बडतर्फी मात्र दोघेही देऊ शकतात. निकाल कायम करण्याची अट सर्वसाधारणपणे नाही, शिक्षा लगेच अमलात येते. अधिकारी आणि जेसीओंवर हे कोर्ट चालवताच येत नाही. थोडक्यात, ते फक्त जवान आणि एनसीओंसाठी (नाईक, हवालदार अशांसाठी) आहे.

रूल ३९ चा विचार पुन्हा करा. जनरल कोर्ट मार्शलच्या पाच खुर्च्यांपैकी एकाही खुर्चीवर ज्याला बसू दिले जात नाही तो आरोपीचा सीओ, आणि समरी कोर्ट मार्शलमध्ये एकमेव खुर्ची त्याचीच. आरोपपत्रावर त्याचीच सही, आर्मी रूल २२ ची सुनावणी (आरोपाची पहिली सुनावणी) त्याच्याचपुढे, समरी ऑफ एव्हिडन्स लिहायला सांगणारा तोच, आणि न्यायाधीशही तोच. वकिलाचे काय? रूल १२९ प्रमाणे आरोपीला एक ‘मित्र’ सोबत ठेवता येतो, तो कायदेतज्ज्ञही असू शकतो. पण तो कानात सल्ला देऊ शकतो, कोणते प्रश्न विचारावेत हे सुचवू शकतो, तोंड उघडून साक्षीदाराला एक प्रश्नही विचारू शकत नाही. दहावी-बारावी शिकलेल्या जवानाने स्वतःच्या सीओपुढे, स्वतःच्या सुभेदाराची उलटतपासणी करायची अशी ही व्यवस्था आहे. ज्याने पलटणीत एक दिवस काढला आहे त्याला अशी उलटतपासणी प्रत्यक्षात किती होते हे सांगायला नको.

हे कोर्ट का ठेवले आहे, याचे सैन्याचे उत्तरही ऐकून घ्या, कारण ते पोकळ नाही. सीमेवरच्या चौकीवर एकाने ड्युटीच्या वेळी दारू पिऊन बंदूक रोखली, तर सहा महिन्यांनी खाली कुठेतरी पाच अधिकारी जमवून खटला चालवण्यात अर्थ राहत नाही. ज्याने ते पाहिले त्या प्लाटूनला निकालही दिसायला हवा. ही गरज खरी आहे. पण मग कायद्यानेच तिला मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा बहुतेक युनिटमध्ये कोणी वाचत नाही. कलम १२०(२) म्हणते की तातडीने कारवाई करण्याचे गंभीर कारण नसेल आणि शिस्तीला बाधा न येता वरच्या अधिकाऱ्याला विचारता येत असेल, तर कलम ३४ (शत्रूसंबंधीचे गुन्हे), ३७ (बंड) आणि ६९ (नागरी गुन्हे) खालचे गुन्हे, तसेच खुद्द कोर्ट चालवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धचा गुन्हा, विचारल्याशिवाय समरी कोर्ट मार्शलने चालवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये विश्व प्रिया सिंग प्रकरणात समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे आणि तातडीची गरज असेल तेव्हाच तो वापरायचा, हे बजावले. प्रत्यक्षात मैदानी प्रदेशातल्या शांत छावणीत, महिनोन्‌महिने चौकशी चालल्यानंतर भरवलेली समरी कोर्ट मार्शल मी पाहिली आहेत. चौकशीला चार महिने लागले आणि खटला एका सकाळी उरकला, तर तातडी कुठे होती हे विचारायलाच हवे.

यातले सर्वांत बोलके प्रकरण १९८७ चे, रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार. हा एक सिग्नलमन. वरिष्ठाकडून होणाऱ्या जाचाबद्दल त्याने थेट वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला. ठरलेल्या मार्गाने न पाठवल्याबद्दल त्याला २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना सुभेदाराने जेवायला सांगितले, त्याने नकार दिला. हुकूम मोडला म्हणून दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष सश्रम कारावास आणि बडतर्फी. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्या कोर्टात होता. सर्वोच्च न्यायालयाने सगळे रद्द केले. कोर्टावर आक्षेप घेण्याची संधी दिली नाही, पक्षपाताची वाजवी शंका होती, आणि जेवण नाकारण्याबद्दल ही शिक्षा न्यायबुद्धीला धक्का देणारी होती, ही कारणे. पक्षपात झालाच हे सिद्ध करायची गरज नाही, आरोपीच्या जागी उभे राहिलेल्या समंजस माणसाला तसे वाटण्यासारखी परिस्थिती होती का एवढेच पाहायचे, हे त्या निकालातले सूत्र आजही सैनिकाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार आहे. तुमच्या भावाच्या प्रकरणाशी त्याचे साम्य तुमच्या लक्षात आले असेलच.

आणि मग ती कबुली. बडतर्फीच्या फायली चाळताना ‘प्ली: गिल्टी’ हे इतक्या वेळा दिसते की जवान इतके प्रामाणिक असतात का, असा प्रश्न पडावा. मागची गोष्ट बहुधा अशी असते. आदल्या संध्याकाळी कोणीतरी, बरेचदा चांगल्या हेतूनेच, समजावतो: ‘कबूल कर, साहेब सौम्य शिक्षा देतील, लढलास तर जेल होईल.’ सकाळी टोपी-बेल्ट काढून आत मार्च होतो, दोन प्रश्न विचारले जातात, छापील फॉर्म भरला जातो. रूल ११५(२) प्रमाणे कोर्टाने कबुली नोंदवण्याआधी आरोपीला आरोपाचे स्वरूप कळले आहे याची खात्री करायची असते, कबुलीचा परिणाम काय आणि कबूल केल्यावर कामकाज कसे बदलते हे समजावून सांगायचे असते. समरी ऑफ एव्हिडन्स वाचून त्याने कबूल करायला नको होते असे दिसले तर कबुली मागे घ्यायचा सल्लाही द्यायचा असतो. हे सगळे केले, असे एका ओळीचे सर्टिफिकेट फायलीत असते. खाली आरोपीची सही असते का? अनेकदा नसते. अनेक उच्च न्यायालयांनी अशा सहीविना कबुलीवर विश्वास ठेवायला नकार दिला आहे. सीमा सुरक्षा दलाच्या जोगेश्वर स्वाइन प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहीविना कबुलीवर उभी राहिलेली बडतर्फी रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला नाही. तिथे कोर्टाचे नाव वेगळे आहे, पण रचना तीच.

एक गोष्ट इथे जोडतो, कारण ती खटल्यापेक्षा जास्त घरांत पोहोचते. सैन्यात माणसाला बाहेर काढायला खटला लागतच नाही. कलम ८० खाली सीओ २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो, त्याची लाल शाईत नोंद होते, आणि अशा चार लाल नोंदी झाल्या की रूल १३ खाली ‘सेवेसाठी अयोग्य’ म्हणून घरी पाठवायची रीत पडली आहे. चार झाल्या की आपोआप डिस्चार्ज असा नियम नाही, आधी चौकशी करावी लागते आणि सेवेची लांबी, खडतर ठिकाणची ड्युटी हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सांगितले. तरीही ‘चार झाल्या, गेला’ हे गणित पलटणीत अजून चालू आहे.

दाद मागायची जागा मिळायला आपल्याकडे फार वेळ लागला. कोर्ट मार्शलच्या निकालावर साधे अपीलही नाही, हे योग्य नाही असे सर्वोच्च न्यायालय पृथीपालसिंग बेदी प्रकरणात १९८२ मध्ये म्हणाले. विधी आयोगाने १९९९ मध्ये १६९ व्या अहवालात तीच शिफारस केली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला २००७ मध्ये आणि कामकाज सुरू झाले २००९ मध्ये. मधल्या काळात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना रिटपुरतीच वाट होती, आणि रिटमध्ये उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तोलत नाही. न्यायाधिकरणाला तो अधिकार आहे. कलम १५ खाली ते निकाल रद्द करू शकते, कमी गुन्ह्यात बदलू शकते, शिक्षा घटवू शकते, जामीन देऊ शकते. त्यात एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त ज्येष्ठ सेनाधिकारी असा जोड असतो. न्यायाधिकरणाचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली आहे आणि समोरचा पक्षकारही बहुतेक वेळा तेच मंत्रालय, ही त्यातली उघड विसंगती. न्यायाधिकरणानंतर काय, यावर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा रस्ता जवळपास बंद केला होता. तो मार्च २०२३ च्या परशोत्तम दास निकालाने पुन्हा उघडला.

हे सगळे आरोपीच्या बाजूने झाले. न्यायाला दुसरी बाजूही असते आणि आमच्या व्यवसायात तिच्याबद्दल कमी बोलतात. नागरिकाचा खून किंवा बलात्कार हा गुन्हा कलम ७० प्रमाणे एरवी कोर्ट मार्शलपुढे चालत नाही, पण सैनिक ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असेल तर चालतो. काश्मीरमधल्या पथरीबलच्या २००० सालच्या चकमकीत सीबीआयने अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दिले, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शल की फौजदारी न्यायालय हे सैन्याला ठरवू दिले, सैन्याने प्रकरण स्वतःकडे घेतले आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून खटल्यापर्यंत न नेताच बंद केले. याउलट माछिलच्या २०१० च्या प्रकरणात कोर्ट मार्शलनेच एका कर्नलसह काही जणांना जन्मठेप दिली, पुढे २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने ती स्थगित करून जामीन दिला. यातला कोणता निकाल बरोबर हे मी फायली न वाचता सांगणार नाही. मला खटकते ते एवढेच की मेलेल्यांच्या नातेवाइकांना समरी ऑफ एव्हिडन्समध्ये काय लिहिले गेले ते वाचायला मिळत नाही आणि प्रकरण बंद करणाऱ्या हुकमाविरुद्ध जायला सरळ जागा नाही. आरोपीवर अन्याय करणारी आणि आरोपीला वाचवणारी किल्ली एकाच खिशात आहे.

आता तुमच्या भावाचे काम.

सर्वांत आधी रूल १४७ खाली कोर्ट मार्शलच्या संपूर्ण कामकाजाची प्रत मागा. ती मिळणे हा त्याचा हक्क आहे, ठरलेले शुल्क भरावे लागते. कागद जपून ठेवण्याची मुदत मर्यादित असते, त्यामुळे ‘आधी वकील बघू, मग मागू’ असे करू नका. अर्ज युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस दोघांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. आरोपपत्र, रूल २२ च्या सुनावणीची नोंद, समरी ऑफ एव्हिडन्स, कोर्टाचे कामकाज आणि कलम १६२ खाली ब्रिगेड किंवा डिव्हिजन मुख्यालयाने त्यावर काय शेरा मारला तो, असे सगळे नाव घेऊन मागा. त्याने सीओविरुद्ध जी तक्रार पाठवली होती तिची प्रत आणि पाठवल्याचा पुरावा तुमच्याकडे असेल तर तो सोन्यासारखा जपा.

कागद आले की मी असतो तर या क्रमाने पाहिले असते. उद्धटपणाचा आरोप नेमका कोणाशी? तो खुद्द सीओंशी असेल तर कलम १२०(२) प्रमाणे वरची परवानगी होती का, आणि नसेल तर तातडीचे कारण कुठे लिहिले आहे का? मग कबुलीचे पान: सही आहे का, आणि शिक्षेआधी आरोपीला दोन शब्द बोलायची संधी दिली तेव्हा त्याच्या तोंडी काय लिहिले आहे? कबूल केलेला माणूस तिथे ‘मी हुकूम मोडला नाही’ असे म्हणत असेल तर कबुली तिथेच कोसळते. मग तारखा: आरोपपत्र हातात दिले ती तारीख-वेळ आणि खटल्याची वेळ यांत ९६ तास गेले का? समरी ऑफ एव्हिडन्समध्ये प्रत्येक साक्षीनंतर ‘आरोपीने उलटतपासणी घेण्यास नकार दिला’ हे एकाच शाईत, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसते का? कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर रूल १८० प्रमाणे तो सबंध वेळ हजर होता का? इन्क्वायरीतला जबाब खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, तो वापरला असेल तर तोही मुद्दा.

त्यानंतर कलम १६४(२) खाली, निकाल आणि शिक्षेविरुद्ध वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज. तो भावनिक लिहू नका. ‘माझी तेरा वर्षांची निष्कलंक सेवा’ हा परिच्छेद एक पुरे, बाकी प्रत्येक मुद्द्याला कलम, रूल आणि पान क्रमांक. शिक्षेत बडतर्फी असल्यामुळे प्रकरण न्यायाधिकरणात जाऊ शकते. समरी कोर्ट मार्शलच्या हलक्या शिक्षा तिथे जात नाहीत, पण बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद असेल तर जातात. तो आता नोकरीत नाही, त्यामुळे राहत्या घराच्या हद्दीतल्या पीठाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात राहत असेल तर मुंबई पीठ. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज सोबत जोडा, आणि कागद मिळायला किती दिवस लागले ते तारखांनिशी लिहा.

काय मिळेल याची खोटी आशा देत नाही. पूर्ण निकाल रद्द होऊन नोकरीत परत, हे होते, पण विरळा. जास्त वेळा असे होते की दोष कायम राहतो पण बडतर्फीची शिक्षा जास्त वाटून ती डिस्चार्जमध्ये (साध्या सेवामुक्तीत) बदलते किंवा खाली येते. तेरा वर्षांवर पेन्शन बसत नाही, जवानाला त्यासाठी पंधरा वर्षे लागतात. म्हणून मागणी लिहिताना पर्यायी प्रार्थना घालायला विसरू नका: निकाल रद्द करावा, ते नाही तर शिक्षा कमी करून पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण झाल्याचे मानावे. मागितले नाही तर न्यायाधिकरण आपणहून क्वचितच देते.

आणि एक. त्या सीओंविरुद्ध समाजमाध्यमांवर काही लिहू नका, भावालाही लिहू देऊ नका. पक्षपाताचा मुद्दा आत्ता तुमच्या बाजूने भक्कम आहे. उद्या सरकारी वकील तुमचीच पोस्ट छापून न्यायाधिकरणापुढे ठेवेल आणि उद्धटपणाच्या आरोपाला आयता पुरावा मिळेल.